ग्रुपचा वेग कोणी ठरवायचा: टँकने, हीलरने, की ज्याला सगळ्यात जास्त घाई आहे त्याने?

पांढरी_छडी

मी फायनल फॅन्टसी फोर्टीन हा ऑनलाइन खेळ खेळते, व्हाइट मेज म्हणून, म्हणजे बाकीच्यांना बरं करणारी हीलर. चार जणांचं डन्जन, म्हणजे शत्रूंनी भरलेली मोहीम: एक टँक (मार अंगावर घेणारा), एक हीलर, दोन डीपीएस (शत्रूंना मारणारे). प्रश्न ड्यूटी फाइंडरमधून, म्हणजे खेळानेच जुळवलेल्या अनोळखी लोकांसोबत खेळतानाचा आहे. आमच्या फ्री कंपनीतल्या (खेळातल्या आमच्या गटातल्या) मंडळींबरोबर तो कधी येत नाही, कारण तिथे कोण किती घेऊ शकतो हे सगळ्यांना पाठ आहे.

परवा टँक नवा होता, नावाशेजारी नवख्याचं हिरवं रोपटं. एकेक पॅक (शत्रूंचा घोळका) घेत, थांबत, बघत चालला होता. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. शिकताना असंच चालायला हवं. पण आमचा ब्लॅक मेज (दोन डीपीएसपैकी एक) दुसऱ्या पॅकपासूनच पुढे धावायला लागला. पुढचे मॉब (शत्रू) उठवायचे, मागे फिरायचं, आणि ते टँकजवळ आणून सोडायचे. टँकला कळेना की हातातले सांभाळू की नवे पकडू. माझ्यासमोर दोघांचे हेल्थबार एकदम खाली. मी दोघांनाही वाचवलं, कोणी मेलं नाही. त्यावर चॅटमध्ये मेजचं वाक्य आलं, की एवढा वेळ का लागतोय. पहिला बॉस पडल्यावर टँक न बोलता निघून गेला. डन्जन मध्येच सोडलं की ३० मिनिटं परत रांगेत उभं राहता येत नाही. ती शिक्षा त्याला आमच्यापेक्षा बरी वाटली, हे मला फार लागलं.

तर विचारायचं असं: वेग ठरवण्याचा हक्क नक्की कोणाचा? सगळे सांगतात टँकचा. पण टँकने कितीही उचललं तरी ते निभावतं माझ्या मॅनावर (जादूची शक्ती) आणि माझ्या कूलडाउनवर (वापरलेली ताकद परत मिळेपर्यंतची वाट). मग मी ‘हळू’ म्हणू शकते का? की हीलरने फक्त मागे धावायचं आणि बार भरत राहायचं?

कृपया फक्त ‘बोला ना एकमेकांशी’ एवढंच सांगू नका. मी कंट्रोलरवर खेळते. लढाई सुरू असताना दोन्ही अंगठे गुंतलेले असतात, टाइप करणं शक्यच नसतं.

ढालवाला

ताई, हो, तुम्ही ‘हळू’ म्हणू शकता, आणि तुमचं ‘हळू’ टँकच्या ‘चला’च्या वर आहे. मी वर्षानुवर्षं टँकच खेळतोय. आधी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये वॉरियर, आता तुमच्याच खेळात डार्क नाइट. तेव्हा हे टँकच्या बाजूने सांगतोय असं समजा.

पुढे टँक चालतो म्हणून वेग टँकचा, हे मला पटत नाही. टँक फक्त सुरुवात करतो. ती लढाई किती वेळ चालणार हे दोन डीपीएसच्या हातात असतं. तेवढा वेळ टँक उभा राहणार की नाही, हे तुमच्या हातात.

हिशोब करून बघा. चार मॉबचा एक पॅक. दोन पॅक एकत्र घेतले तर आठ. डीपीएस सगळ्यांवर एकदम पडणारे हल्ले करत असतील तर आठ मारायला साधारण चार मारण्याइतकाच वेळ लागतो. मोठ्या पुलचा, म्हणजे जास्त मॉब एकदम ओढण्याचा, सगळा फायदा यातच आहे. पण तेच दोघे एकेकाला निवडून मारत बसले तर मोठ्या पुलने काहीच वाचत नाही. एकूण वेळ तेवढाच, फक्त सुरुवातीपासून माझ्यावर दुप्पट मार. माझ्याकडे काय असतं? रॅम्पार्ट मार २० टक्क्यांनी कमी करतो, २० सेकंद टिकतो, आणि पुन्हा हाताशी यायला ९० सेकंद लागतात. बाकीचे बचावही असेच, थोड्याफार फरकाने. ते एकामागून एक लावून मी ठरावीक काळ विकत घेतो. तो संपेपर्यंत मॉब मेले नाहीत तर उरलेला सगळा भार तुमच्यावर येतो.

म्हणून अनोळखी ग्रुपमध्ये माझा पहिला पुल ही चाचणी असते. रॅम्पार्ट संपताना मॉबच्या हेल्थकडे बघतो. निम्म्यावर असतील तर पुढचा पुल लहान, मग डीपीएस कितीही उड्या मारोत. जवळपास मेलेले असतील आणि हीलरला मधल्या वेळात हल्लेही करायला मिळाले असतील, तर पुढे दार लागेपर्यंत सगळं उचलतो. व्हाइट मेज ‘होली’ टाकतेय का, हेही बघतो. होलीने मॉब सुन्न होतात आणि तेवढे क्षण मला मारच बसत नाही. पण ही सुन्नता दर वेळी कमी होत जाते आणि मग लागतच नाही, म्हणजे तिचाही काळ मोजलेला. शिवाय होली ४५व्या लेव्हलला मिळतं. खालच्या लेव्हलच्या डन्जनमध्ये लेव्हल सिंकमुळे (खेळ तुमची लेव्हल डन्जनइतकी खाली आणतो) ते कोणाकडेच नसतं, मग हीलर कितीही मुरलेला असो. वरच्या लेव्हलला सवयीने भिंतीपर्यंत पुल करणारा टँक खालच्या डन्जनमध्ये तेच करायला जातो आणि वाइप होतो (सगळा ग्रुप मरतो), तो इथेच.

आता तुमच्या ब्लॅक मेजबद्दल. मला राग येतो तो त्याच्या उद्धटपणाइतकाच यातल्या अज्ञानाचा. ब्लॅक मेजचा जवळपास सगळा मारा एका जागी उभं राहून कास्ट करण्यातून (मंत्र टाकण्यातून) येतो. तो पळत असतो तेव्हा मारत नसतो. त्याला खरोखर वेळ वाचवायचा असेल तर त्याने टँकजवळच्या गर्दीवर फायर टू टाकत राहावं, ५०च्या पुढे फ्लेअर टाकावं. पुढे पळून तो लढाई लवकर संपवत नाही, फक्त लवकर सुरू करतो. त्यातही हातातली अर्धवट सोडून.

एक गोष्ट मात्र टँक मंडळींनाही सांगायची आहे. ‘ज्याने उठवलं त्यानेच सांभाळावं’ असा एक नियम आपल्यात फिरतो, आणि टँक मुद्दाम हात बांधून उभा राहतो. मला हे मान्य नाही. मेजला धडा मिळतो की नाही कोण जाणे, पण त्या धड्याची किंमत हीलर मोजते. दोन जणांना एकदम वाचवायचं तिने, आणि भांडण दुसऱ्यांचं. टँक स्टान्स (मॉबचं लक्ष टँककडे खेचणारी स्थिती) चालू असेल तर सगळ्यांवर पडणारा एक हल्ला केला की ते मॉब माझ्याकडे येतात. ते घ्यावेत, लढाई संपवावी, आणि मग थांबावं. पुढे न जाता तिथेच उभं राहून एक ओळ लिहावी. टँक थांबला की ग्रुप थांबतो, त्याला आरडाओरडा लागत नाही. तुमचा टँक नवा होता, त्याला हे माहीत असायचं कारण नव्हतं. तिथे दुसऱ्या डीपीएसने दोन शब्द लिहायला हवे होते. त्याचे हात तर मोकळे होते.

कंट्रोलरचं म्हणाल तर मॅक्रो करून ठेवा. पार्टी चॅटमध्ये जाणारी दोन वाक्यं, दोन बटणं. एक ‘मोठा पुल चालेल’, दुसरं ‘कृपया एकेक पॅक’. खेळातल्या ऑटो-ट्रान्सलेटमधले तयार शब्द वापरलेत तर समोरच्याला त्याच्या भाषेत दिसतं. ही वाक्यं लढाईत वापरायचीच नाहीत. सगळे आत येईपर्यंत जे काही क्षण मिळतात तेव्हा दाबायचं. मी टँक असताना हीलरकडून असं एक वाक्य आलं की माझं अर्धं काम होतं.

रातकिडा

मी डीपीएस खेळतो, जास्त करून वॉरक्राफ्टमध्ये मेज. ढालवाला यांचं बहुतेक पटलं, पण डीपीएसची बाजू कोणीतरी मांडायला हवी.

आम्ही रांगेत सगळ्यात जास्त वेळ थांबतो. पाच जणांच्या ग्रुपमध्ये तीन डीपीएस लागतात, तरी आमचीच गर्दी. टँक एवढे कमी, की २०११ मध्ये ४.१ पॅचपासून कमी पडणाऱ्या भूमिकेला रांगेत यावं म्हणून वेगळं बक्षीस द्यायला लागले. इतकं थांबून आत यावं आणि टँक प्रत्येक पॅकपुढे अर्धा मिनिट उभा राहिला तर जीव कासावीस होतो. वेळ आमचाही असतो. नव्याला सांभाळून घ्यायला हवं, पूर्ण मान्य. पण मुरलेला टँक, नवीकोरी आयुधं आणि तरी एकेक पॅक? तिथे ‘जरा मोठं घ्या, आम्ही मारतो’ असं म्हणण्याचा हक्क आम्हालाही आहे. म्हणण्याचा. धावत जाऊन उठवण्याचा नाही.

दुसरं म्हणजे, वेग कोणाचा हे खेळाचा प्रकारही ठरवतो. २०१६ मध्ये लीजन या वॉरक्राफ्टच्या विस्ताराबरोबर मिथिक प्लस आलं आणि डन्जनवर घड्याळ बसलं. वेळेत संपलं तर चावी (डन्जनच्या अवघडपणाची पातळी) वाढते, नाही तर उतरते. मूळ नियमात प्रत्येक मरणाला ५ सेकंद कापली जायची. तिथे ‘टँक म्हणेल तसं’ हे वाक्यच अपुरं पडतं. कोणता पॅक घ्यायचा, कोणता वळसा घालून टाळायचा, मारायच्या मॉबची ठरलेली टक्केवारी कुठे भरायची, हा सगळा रस्ता चावी लावायच्या आधी आखलेला असतो, आणि बहुतेकदा टँकनेच आखलेला. त्यात ब्लडलस्ट बसवायचं. ४० सेकंद सगळ्यांचा वेग ३० टक्के जास्त, आणि मग १० मिनिटं ते कोणालाच परत मिळत नाही. म्हणून सगळ्यात मोठा पुल कुठे हे त्या १० मिनिटांवरून ठरतं. अशा ग्रुपमध्ये मी कधीच पुढे जात नाही. माझं काम ठरलेलं असतं: कोणत्या कास्टरला (मंत्र टाकणाऱ्या मॉबला) किक मारून थांबवायचं, कोणत्या क्षणी मोठे हल्ले सोडायचे. एक किक चुकली तर हीलरचा सगळा हिशोब कोसळतो.

साध्या रँडम डन्जनमध्ये हा रस्ता आखलेला नसतो. पाच जण आपापल्या मनातला वेग घेऊन येतात आणि दुसऱ्यांचाही तोच असेल असं धरून चालतात. भांडण तिथेच सुरू होतं.

जुना_भिडू

तुम्ही सगळे टँकला पुढे धरून बोलताय म्हणून थोडं मागचं सांगतो. ओढून आणणारा आणि मार खाणारा एकच असतो, असं नेहमीच नव्हतं.

एव्हरक्वेस्ट हा ऑनलाइन खेळ १९९९ मध्ये आला. तिथे ग्रुप डन्जनभर फिरत नसे, एका जागी तळ देऊन बसायचा. पुलर ही वेगळी भूमिका होती. तो बाहेर जायचा, मॉब घेऊन तळावर यायचा. माँक या कामाला उत्तम, कारण त्याला मेल्याचं सोंग घेता यायचं. चार मागे लागले तर पडून राहायचं, तीन परत जातात, एकाला घेऊन यायचं. तरी जास्त आलेच तर एन्चान्टर बाकीच्यांना झोपवून ठेवायचा. टँक तळावरच उभा. क्लेरिक, म्हणजे तिथला हीलर, जमिनीवर बसून मॅना भरत असायचा, आणि पुलर निघण्याआधी विचारायचा: मॅना किती? क्लेरिक टक्के सांगायचा. तो आकडा खाली असेल तर पुलर जायचाच नाही.

म्हणजे वेग हीलरच्या मॅनाचा होता आणि सगळ्यांना तो दिसत होता. मोठ्या रेडमध्ये (खूप जणांच्या मोहिमेत) तर सेकंदांवर यायचं. कम्प्लीट हील कास्ट व्हायला १० सेकंद, म्हणून क्लेरिकांची साखळी लावायची. एकाचं संपतं तोच दुसऱ्याचं टँकवर येऊन पडायला हवं. रेडचा सगळा वेग त्या साखळीवर बांधलेला.

वॉरक्राफ्ट २००४ मध्ये आला तेव्हाही हे बरंचसं टिकून होतं. हीलर कास्ट करत राहिला तर स्पिरिट या गुणातून मिळणारा मॅना भरत नसे. शेवटच्या कास्टनंतर ५ सेकंद हात आवरायचे, मग भरायला सुरुवात. लढाई संपली की पाणी प्यायला बसायचं आणि टँक थांबायचा. डीपीएसलाही आवरावं लागायचं, कारण थ्रेट (मॉबचं लक्ष कोणाकडे वळतं याचं माप) खरोखर मोजावा लागे. जवळून मारणारा टँकच्या ११० टक्क्यांवर आणि लांबून मारणारा १३० टक्क्यांवर गेला की मॉब त्याच्याकडे वळायचा. म्हणजे सगळ्यांनाच एकमेकांकडे बघून खेळायला लागायचं. खेळच तसा बांधलेला होता.

पुढे टँकचा थ्रेट सहज झाला, हीलरचा मॅना मुबलक झाला, डिसेंबर २००९ मध्ये ३.३ पॅचने बाहेरच्या सर्व्हरवरची माणसं एका बटणावर एकत्र आणली. सोय झाली, ती मला हवीच होती. तासन्‌तास चॅटमध्ये ‘टँक पाहिजे’ ओरडणं कोणाला आवडतं? पण थांबायला लावणाऱ्या गोष्टी खेळातून गेल्या, आणि आता थांबायचं असेल तर माणसालाच तसं बोलावं लागतं. पांढरी_छडी यांचा प्रश्न त्यातून आलाय. पूर्वी तो प्रश्न मॅनाचा बार सोडवायचा.

एंट्री_२

मी तुमच्यासारखे एमएमओ (खूप जणांचे ऑनलाइन खेळ) खेळत नाही, काउंटर-स्ट्राइक हा टीमचा नेमबाजीचा खेळ खेळतो. तरी राहवलं नाही.

आमच्याकडे पहिला आत शिरतो तो एंट्री फ्रॅगर, आणि वेग ठरवतो तो आयजीएल (खेळातला कप्तान). ही दोन माणसं वेगळी असू शकतात आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. १ मिनिट ५५ सेकंदांचा राउंड. आयजीएल म्हणाला की आधी चाळीस सेकंद मॅप ताब्यात घ्यायचा, की एंट्रीचे हात कितीही शिवशिवले तरी तो कोपऱ्यात उभा राहतो. कारण मागून फ्लॅश (डोळे दिपवणारा बॉम्ब) टाकणारा अजून जागेवर पोचलेला नसतो. एकटा आत गेलास तर मरशील, आणि मागचे चार जण तुझ्या मरणाची माहिती घेऊन उरतील.

तुमच्या त्या मेजने हेच केलं. मागचा तयार आहे का, हे न बघता आत शिरला. हीलर तयार नसताना झालेला पुल हा माझ्या दृष्टीने फ्लॅशशिवाय घेतलेली एंट्री आहे.

लेफ्ट फोर डेड (२००८) हा चौघांचा झॉम्बींचा खेळ मी आणि माझा भाऊ भरपूर खेळलोय. तिथे खेळ स्वतःच वेग राखतो. मागे एक डायरेक्टर असतो, तो चौघांवरचा ताण बघून झुंडी सोडतो आणि मध्ये उसंतही देतो. आणि जो एकटा पुढे पळतो त्याच्यावर हंटर हा झॉम्बी झेप घेतो किंवा स्मोकर हा दुसरा त्याला जिभेने ओढून नेतो. सोडवायला दुसरं कोणीतरी यावंच लागतं. दोन-तीनदा असं झालं की घाईचा माणूस आपोआप ग्रुपजवळ राहायला शिकतो.

पांढरी_छडी

सगळ्यांचे मनापासून आभार. जुना_भिडू, मॅनाचे टक्के सांगण्याची पद्धत मला ठाऊकच नव्हती. हीलरला आधी विचारत असत, हे वाचूनच बरं वाटलं.

रातकिडा, तुमचं ‘म्हणण्याचा, उठवण्याचा नाही’ हे मी जसंच्या तसं उचलणार आहे. मला मोठे पुल नको आहेत असं मुळीच नाही. आठ मॉब, टँकचा बार थरथरतोय, आणि माझं एक इन्स्टंट हील बरोबर त्या क्षणी पडलं, यासारखं सुख या खेळात दुसरं नाही. फक्त मला ते येताना दिसायला हवं.

ढालवाला दादा, मॅक्रो आजच केले. सुरुवातीलाच खेळ सांगतो की ग्रुपमधल्या कोणीतरी हे डन्जन अजून पूर्ण केलेलं नाही. तो संदेश दिसला की ‘एकेक पॅक’ आधी दाबणार, मग तो नवा माणूस टँक असो वा डीपीएस. नव्याला स्वतःहून ‘हळू’ म्हणायला संकोच वाटतो, ते माझ्याकडून गेलेलं बरं.

एकच शंका उरली. माझ्याकडे रेस्क्यू आहे, सहकाऱ्याला आपल्याकडे ओढून घेणारं. मेज पुढे पळायला लागला की त्याला रेस्क्यूनेच मागे ओढलं तर?

ढालवाला

मॉबना मेज दिसायच्या आधी ओढलात तर उपयोग आहे. एकदा ते उठले की मेज तुमच्याकडे येईल आणि त्याच्यामागून सगळा पॅकही तुमच्याकडे येईल, आणि टँक राहील दुसऱ्या टोकाला. शिवाय रेस्क्यू परत यायला १२० सेकंद लागतात. मी तुमच्या जागी असतो तर ते बॉसच्या वेळी आगीत उभ्या राहिलेल्या माणसासाठी ठेवलं असतं. आणि पळणारा उठवून आलाच, तर आधी टँकला भरा. टँक उभा असेल तर तो पॅक पकडू शकतो. मेज पडला तर लढाई संपल्यावर उठवता येतो.